नव्या संपादकाला विकिपीडियाची लेखनशैली शिकवताना : एक परिच्छेद आणि बरेच प्रश्न

ओलीशाई

नमस्कार मंडळी.

मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं लिहिते आहे. गेल्या काही महिन्यांत मात्र माझा वेळ लेखांपेक्षा नव्या सदस्यांच्या चर्चापानांवरच (प्रत्येक सदस्याशी बोलायचं पान) जास्त जातोय, आणि तिथे माझं काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलंय. म्हणून हा धागा.

होतं असं. एखादा नवीन सदस्य मनापासून दोन-तीन परिच्छेद लिहितो. त्यात विशेषणं भरपूर असतात, संदर्भ नसतात, दुवे नसतात, कधी शेवटी स्वतःचं नावही असतं. आपण त्याच्या चर्चापानावर स्वागताचा साचा, म्हणजे आधीच तयार असलेला मजकूर, लावतो. त्यात तटस्थ दृष्टिकोन, पडताळण्याजोगी माहिती, उल्लेखनीयता, प्रताधिकार, शुद्धलेखन अशा ढीगभर पानांचे दुवे असतात. तो सदस्य पुन्हा दिसत नाही. त्याच्या योगदानाचं पान उघडावं तर तेवढं एकच संपादन, पुढे सगळं रिकामं. मला ते पान बघवत नाही.

मागच्या आठवड्यात असेच एक सदस्य आले. भौतिकशास्त्र शिकवतात. लिझे माइटनर यांच्यावर त्यांनी एक परिच्छेद लिहिला आणि तासाभरात तो उलटवला गेला, म्हणजे काढून टाकून लेख पूर्ववत केला गेला. मी त्यांना इथे यायची विनंती केली. त्यांच्या परवानगीने तो परिच्छेद जसाच्या तसा देते :

«थोर शास्त्रज्ञ मा. डॉ. लिझे माइटनर यांचा जन्म व्हिएन्ना येथे झाला. बालपणापासूनच ती अत्यंत हुशार होती. अनंत अडचणींवर मात करून लिझेनं अणुविखंडनाचा क्रांतिकारक शोध लावला. परंतु पुरुषप्रधान व्यवस्थेने तिच्यावर घोर अन्याय केला व नोबेल पारितोषिक ऑटो हान यांच्या पदरात टाकले. असे म्हणतात की ती शेवटपर्यंत साधेपणाने राहिली. आजही आपण सर्वांनी तिच्यापासून प्रेरणा घेतली पाहिजे.»

मला दोन गोष्टी विचारायच्यात. हा परिच्छेद समोर आल्यावर तुम्ही सगळ्यांत आधी काय सांगाल? आणि कोणती गोष्ट मुद्दाम पुढच्या वेळेसाठी ठेवाल?

- - -

रात्रपाळी

तो परिच्छेद उलटवणारा मीच. कारण सांगतो.

मी अलीकडील बदलांच्या यादीवर बसतो. तिथे एकामागून एक बदल येत असतात. कुणी अख्खं पान कोरं करतं, कुणी स्वतःच्या क्लासची जाहिरात टाकतं, कुणी राजकीय नेत्याच्या लेखात शिव्या. त्या ओघात हा परिच्छेद दिसला : संदर्भ शून्य, विशेषणं पाच-सहा, शेवटी उपदेश. उलटवलं आणि पुढच्या बदलाकडे गेलो. नियमाने ते बरोबरच होतं आणि आजही मी तो मजकूर लेखात ठेवला नसता.

पण बदल का केला ते लिहायची सारांशाची ओळ मी रिकामी सोडली होती, ती चूक माझी. समोरच्याला दिसलं ते फक्त आपलं लिहिलेलं गायब झाल्याचं. «संदर्भ नाहीत, चर्चापान पाहावे» एवढं लिहायला दहा सेकंद लागली असती. सर, तुम्ही वाचत असाल तर मनापासून दिलगीर आहे.

- - -

पहिलीओळ

नमस्कार. तो परिच्छेद माझा.

रात्रपाळी, दिलगिरीची गरज नाही, पण तुम्ही लिहिलंत हे बरं वाटलं. मला खरंच कळलं नव्हतं की माणसाने काढलं की यंत्राने. मला वाटलं मी कुठलं तरी बटण चुकीचं दाबलं, म्हणून मी तोच मजकूर पुन्हा दोनदा टाकला.

मी वर्गात अणुविखंडन शिकवतो तेव्हा माइटनर यांचं नाव पुस्तकात एका ओळीपुरतंही नसतं. मुलांनी शोधलं तर मराठीत काहीतरी सापडावं, एवढीच इच्छा होती. स्वागताच्या संदेशातली पानं मी उघडली. तीन वाचली. चौथ्यापर्यंत आधीचं विसरलो. माझी चूक नेमकी काय, ते त्या पानांत शोधायचं कसं हेच समजेना.

- - -

तळटीप

ओलीशाई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एका शब्दाचं आहे : संदर्भ. बाकी सगळं नंतर. विशेषणं मी काढीन, दुवे कुणीही घालील, शुद्धलेखन सांगकाम्याही (आपोआप काम करणारी आज्ञावली) थोडंफार सुधारील. पण माहिती कुठून आणली हे लिहिणाऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नसतं. तो निघून गेला की ते त्याच्याबरोबर जातं.

सर, तुम्ही शिकवता म्हणजे तुमच्या हाताशी पुस्तकं असणार. लिहिताना जे पान उघडं होतं त्याचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठक्रमांक एवढं द्या. साचा भरता आला नाही तर साध्या मजकुरात लिहा, बाकीचे ते नीट करतील.

हा आग्रह कशापायी, तेही सांगतो. २००५ साली जॉन सीगेनथॉलर या अमेरिकन पत्रकारावरच्या इंग्रजी लेखात कुणीतरी लिहून ठेवलं की केनेडी बंधूंच्या हत्यांमध्ये त्यांचा हात असल्याचा संशय होता. धादांत खोटं. संदर्भ काहीही नव्हता. तरी ते सुमारे चार महिने लेखात तसंच राहिलं आणि त्या माणसाला स्वतः वर्तमानपत्रात लिहून सांगावं लागलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने खातं न उघडता नवा लेख सुरू करण्याची सोय बंद केली. एका जिवंत माणसाच्या नावापुढे काय लिहिलं जातंय, हे विचारायची सवय तेव्हापासून पक्की झाली.

- - -

अर्धविराम

तळटीप काकांशी सहमत, पण मी सुरुवात संदर्भापासून करणार नाही. नव्या माणसाला संदर्भाचा टॅग, साचा, महिरपी कंस हे सगळं एकदम दाखवलं की तो घाबरतो. मी त्याच्याच वाक्यांपासून सुरू करीन. सर, चालेल ना?

तुमचं पहिलं वाक्य घेऊ. «थोर शास्त्रज्ञ मा. डॉ. लिझे माइटनर यांचा जन्म व्हिएन्ना येथे झाला.» वाचकाने लेख उघडला तो ही व्यक्ती कोण हे कळावं म्हणून. पहिल्याच वाक्यात त्याला «थोर» मिळतं आणि गाव मिळतं. काय केलं ते मिळत नाही. विकिपीडियावर पहिलं वाक्य म्हणजे व्याख्या : नाव ठळक, कंसात जन्ममृत्यूच्या तारखा, मग कोण होत्या. ठळक करायला नावाच्या आधी आणि नंतर एकेरी अवतरणचिन्ह तीन-तीनदा द्यायचं. मा., डॉ., श्री., कै. यांतलं काहीही नावाला जोडायचं नाही, शीर्षकात तर नाहीच. पदवी महत्त्वाची असेल तर वाक्यात सांगा : १९०६ साली व्हिएन्ना विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. हे वाक्य नुसत्या «डॉ.» पेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

आता विशेषणांचं. «थोर», «अत्यंत हुशार», «क्रांतिकारक» हे शब्द काढून टाका म्हटलं की लिहिणाऱ्याला वाटतं आपल्या प्रेमावरच काट मारली. मी असं सांगते : प्रत्येक विशेषणाच्या जागी त्याचा पुरावा ठेवा. थोर कशावरून? १०९ अणुक्रमांकाच्या मूलद्रव्याला १९९७ साली त्यांचं नाव दिलं गेलं. वाचक स्वतःच म्हणेल, केवढी मोठी बाई!

- - -

जुनीवही

अर्धविरामने जे केलं ना, ते माझ्या वेळी कुणी केलं असतं तर मी आज विकिपीडियावर असते.

मी एका वनस्पतीवर लेख लिहिला होता. चार रात्री जागून. दुसऱ्या दिवशी त्यावर एकाखाली एक पाच साचे : विकिकरण (दुवे, मांडणी) हवे, संदर्भ हवे, अविश्वकोशीय मजकूर, शुद्धलेखन, आणि पानकाढा, म्हणजे लेखच हटवा. माझ्या लेखापेक्षा त्या पट्ट्याच मोठ्या दिसत होत्या. चर्चापानावर कुणी एक शब्द लिहिला नव्हता. मी खातं बंद केलं नाही, पण पुन्हा गेलेही नाही. या गोष्टीला खूप वर्षं झाली आणि लिहिताना अजूनही घसा दाटतो.

साचे लावणाऱ्यांचं चुकलं असं नाही म्हणत. त्यांच्या दृष्टीने ती कामाची यादी असणार. मला मात्र ती नापासाची प्रगतिपत्रिका वाटली.

- - -

ओलीशाई

जुनीवही, हे लिहिल्याबद्दल आभार. «नवागतांना चावू नका» हे मार्गदर्शक तत्त्व आपल्याकडे आहे, सगळे त्याचा दाखलाही देतात. पण साचा लावताना हात तितका थांबत नाही. मी स्वतःही असे साचे लावलेत.

एक ठरवते : साचा लावायचाच असेल तर एकच, सगळ्यांत महत्त्वाचा. आणि त्यासोबत चर्चापानावर हाताने लिहिलेलं एक तरी वाक्य, ज्यात त्या लेखातली एखादी चांगली गोष्ट नावानिशी असेल.

- - -

अनुस्वार

परिच्छेदातली एक गोष्ट अजून कुणी काढली नाही. मला ती सगळ्यांत जास्त खटकली.

पहिल्या वाक्यात «माइटनर यांचा». दुसऱ्यात «ती हुशार होती». तिसऱ्यात थेट «लिझेनं». आणि चौथ्यात बघा : «ऑटो हान यांच्या». म्हणजे अन्याय झाला म्हणून जिच्याबद्दल तळमळीने लिहितोय, तिला एकेरी आणि पहिल्या नावाने, आणि पुरुषाला आडनाव व आदरार्थी बहुवचन. सरांनी हे जाणूनबुजून केलेलं नाही. आपल्या सगळ्यांच्या लिहिण्यात ते आपोआप उतरतं. शास्त्रज्ञ स्त्रियांवरचे लेख चाळा, बहुतेकांत हेच सापडेल.

विश्वकोशात आदरार्थी लिहावं की एकेरी यावर दोन्हीकडून चांगली मतं आहेत. एकेरीवाले म्हणतात, आदर ही लेखकाची भावना, ती लेखात नको. आदरार्थीवाले म्हणतात, मराठीत जाणत्या माणसाबद्दल एकेरी लिहिलं की तीच एक भूमिका होते. माझा कल दुसऱ्या बाजूला. पण काहीही निवडा, एका लेखात सगळ्यांना एकच माप लावा. आणि पहिल्या उल्लेखानंतर आडनाव वापरा : माइटनर यांनी, हान यांनी.

आणखी छोटंसं : «लिझेनं» नको, «माइटनर यांनी». बोलीतलं केलं-झालं-तिनं इथे धाग्यावर शोभतं, लेखात केले-झाले-तिने असं प्रमाण लेखी रूप ठेवतात.

- - -

पहिलीओळ

अनुस्वार, तुमचा प्रतिसाद वाचून मी परिच्छेद पुन्हा उघडला आणि बराच वेळ बघत राहिलो. मला दिसलंच नव्हतं. उद्या वर्गात बोलताना मी काय म्हणतो याकडेही लक्ष देणार आहे.

एक प्रश्न. अन्यायाचं वाक्य मला काढायचं नाही. ते खरं आहे. विखंडन का घडतं याचं स्पष्टीकरण त्यांनी दिलं आणि पारितोषिक मिळालं एकट्या हान यांना. तटस्थ राहायचं म्हणून हे लिहायचंच नाही का?

- - -

तळटीप

लिहायचं, नक्की लिहायचं. तटस्थता म्हणजे गप्प बसणं असा अर्थ बऱ्याच जणांनी घेतलाय, तो चुकीचा आहे. फरक इतकाच की निकाल विकिपीडियाच्या आवाजात द्यायचा नाही. घटना क्रमाने मांडायच्या आणि मत असेल तर ते कुणाचं आहे ते सांगायचं.

घटना बघा. माइटनर १९०७ साली बर्लिनला आल्या आणि हान यांच्याबरोबर तीस वर्षं काम केलं. ज्यू वंशाच्या असल्यामुळे जुलै १९३८ मध्ये त्यांना जर्मनी सोडून पळावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरात हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांना बर्लिनच्या प्रयोगशाळेत युरेनियमपासून बेरियम मिळाल्याचं दिसलं. हान यांनी ते पत्राने स्वीडनमध्ये माइटनर यांना कळवलं. माइटनर आणि त्यांचा भाचा ऑटो फ्रिश यांनी त्याचं भौतिक स्पष्टीकरण मांडलं, ते फेब्रुवारी १९३९ मध्ये छापून आलं. १९४४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल हान यांना एकट्यांना मिळालं, ते जाहीर झालं नोव्हेंबर १९४५ मध्ये. १९६६ साली मात्र अमेरिकेचा एन्रिको फर्मी पुरस्कार हान, माइटनर आणि श्ट्रासमान या तिघांना मिळून दिला गेला.

एवढं ओळीने लिहिलंत तर «घोर» हा शब्द लागतो कशाला? त्यानंतर एक वाक्य : पारितोषिकातून माइटनर यांना वगळण्यावर विज्ञानाच्या इतिहासकारांनी टीका केली आहे. पण त्या वाक्याला लगेच संदर्भ हवा, कोणत्या इतिहासकाराने, कुठे. नाहीतर ते तुमच्या «असे म्हणतात की» सारखंच होईल. कोण म्हणतं हे सांगता येत नसेल तर ते वाक्य लेखात नसावं. «साधेपणाने राहिली» तूर्त काढा. संदर्भ सापडला की परत येईल.

आणि एक दुरुस्ती. «शोध लावला» या दोन शब्दांनी तुम्ही सगळं श्रेय माइटनर यांना देता. प्रयोग हान-श्ट्रासमान यांचा, स्पष्टीकरण माइटनर-फ्रिश यांचं. एका बाजूचा अन्याय सांगताना दुसऱ्या बाजूला श्ट्रासमान आणि फ्रिश गळता कामा नयेत.

- - -

रात्रपाळी

शेवटचं वाक्य, «आपण सर्वांनी प्रेरणा घेतली पाहिजे», त्याबद्दल. विश्वकोश वाचकाला «आपण» म्हणत नाही, «पाहिजे» सांगत नाही. आणि «आजही», «सध्या», «नुकतेच» हे शब्दही टाळा. तुम्ही लिहिता तेव्हाचा आज वेगळा, वाचणाऱ्याचा वेगळा. मला जुन्या लेखांत «नुकतेच निवडून आलेले» असं अजून सापडतं, ती निवडणूक होऊन कितीतरी वर्षं झालेली असतात. वर्ष लिहा, शिळं होत नाही.

- - -

पहिलीओळ

हे सगळं घेऊन मी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, पुन्हा लिहायला घेतलं. (धूळपाटी हा शब्द मला फार आवडला. पूर्वी पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षरं गिरवत, पुसत, परत गिरवत. कुणी सुचवला असेल त्याला नमस्कार.)

तिथे दोन अडचणी आल्या.

पहिली : माझ्याकडच्या एका ठिकाणी जन्मतारीख ७ नोव्हेंबर १८७८ आहे, दुसरीकडे १७ नोव्हेंबर. ७ नोव्हेंबर ही मेरी क्युरी यांचीही जन्मतारीख. मग मी लिहिलं की क्युरी यांच्याबद्दलच्या आदरापोटी माइटनर यांनी आपली तारीख बदलून घेतली असावी. चालेल?

दुसरी : प्रोटॅक्टिनियम या मूलद्रव्याबद्दल लिहिताना मी ॲक्टिनियमला दुवा दिला. तो लाल दिसतोय, म्हणजे त्या नावाचं पानच नाही. पण असा लेख आहे, मी स्वतः वाचलाय! तीनदा टाइप केलं, तीनदा लाल.

- - -

तळटीप

सर, तर्क सुंदर आहे आणि म्हणूनच धोक्याचा. «असावी» हा शब्द आला की थांबायचं. तुम्ही दोन खरे तुकडे घेतलेत आणि त्यांना जोडणारी तिसरी गोष्ट स्वतः तयार केलीत. याला विकिपीडियावर मूळ संशोधन म्हणतात. ते नियतकालिकात छापा, तिथे तज्ज्ञ तपासतील. छापून आलं तर आम्ही तुमचाच संदर्भ देऊ.

तारखेपुरतं सांगायचं तर व्हिएन्नातल्या ज्यू समुदायाच्या जन्मनोंदवहीत १७ नोव्हेंबर आहे आणि बाकीच्या सगळ्या कागदपत्रांत ७. त्या स्वतः ७ लाच वाढदिवस मानत. लेखात ७ द्या, आणि तळटिपेत १७ ची नोंद कुठे आहे ते संदर्भासह. दोन्ही तारखा वाचकापुढे आल्या, निवाडा तुम्ही केला नाहीत.

- - -

अर्धविराम

लाल दुव्याचं मी बघितलं. सर, तुमची काहीच चूक नाही. हे जरा सविस्तर सांगते, कारण यात जुनेजाणतेही अडकतात.

«ॲ» हे अक्षर पूर्वी युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं प्रमाणक) एकसंध नव्हतं. लोक आधी अ टाइप करत आणि त्यावर अर्धचंद्र लावत. काही कळफलक त्या दोहोंमध्ये डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालत. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत ॲ स्वतंत्र अक्षर म्हणून आलं. म्हणजे आज एकच शब्द तीन प्रकारांनी लिहिलेला सापडतो. पडद्यावर तिन्ही सारखे, संगणकाच्या लेखी तीन वेगळे शब्द. लेख जुन्या पद्धतीच्या शीर्षकाचा, तुमचा मोबाइल नवं अक्षर उमटवतो, म्हणून दुवा लाल. «करणाऱ्या», «दुसऱ्या» यांतल्या ऱ्याचंही तसंच : कुठे र, हलन्त आणि अदृश्य चिन्ह, तर कुठे खाली टिंब असलेला वेगळाच ऱ.

उपाय सोपा. तुमच्या पद्धतीने लिहिलेल्या शीर्षकाचं पान तयार करायचं आणि त्यात मूळ लेखाकडे पुनर्निर्देशन द्यायचं, म्हणजे तिथे येणारा आपोआप मूळ लेखावर जातो. मी आत्ताच केलंय. पान ताजं करून बघा, दुवा निळा झाला असेल. पुढे दुसऱ्या कुणी तुमच्यासारखं टाइप केलं तर त्यालाही लेख सापडेल.

लाल दुवा मुळात वाईट नसतो हेही लक्षात ठेवा. लेख व्हायला हवा असा विषय असेल तर लाल दुवा राहू द्या, कुणीतरी तो बघून लिहायला बसतं. फक्त एकाच शब्दाला दर ओळीत दुवा नको. पहिल्यांदा येईल तिथे एकदा पुरे. आणि «वर्ष», «शाळा», «पत्र» अशा शब्दांना देऊच नका, सगळा परिच्छेद निळा होतो आणि कामाचा दुवा त्यात हरवतो.

- - -

जुनीवही

हे अदृश्य चिन्हाचं मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या वनस्पतीच्या लेखातही असे लाल दुवे होते आणि «अस्तित्वात नसलेल्या पानांना दुवे देऊ नका» असा शेरा मिळाला होता. आज कळलं.

- - -

पहिलीओळ

निळा झाला!!

आता हा नवा मसुदा. इथे फक्त मजकूर देतो, संदर्भ धूळपाटीवर जोडलेत.

«लिझे माइटनर (७ नोव्हेंबर, १८७८ - २७ ऑक्टोबर, १९६८) या ऑस्ट्रियन-स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ होत्या. अणुकेंद्राच्या विखंडनाचे भौतिक स्पष्टीकरण त्यांनी ऑटो फ्रिश यांच्यासह १९३९ साली मांडले. माइटनर यांनी १९०६ साली व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली व १९०७ पासून बर्लिन येथे ऑटो हान यांच्यासह किरणोत्सारावर संशोधन केले. ती पहिली महिला होती जर्मनीमध्ये जी भौतिकशास्त्राची प्राध्यापक बनली. १९४४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विखंडनाच्या शोधासाठी एकट्या हान यांना देण्यात आले.»

मधलं एक वाक्य मी इंग्रजी लेखावरून अनुवादाच्या साधनाने घेतलंय, खरं सांगतो.

- - -

अनुस्वार

सर, कोणतं वाक्य ते तुम्ही सांगितलं नसतंत तरी कळलं असतं! बाकीची तुमची आहेत, सरळ चालतात. ते एकटं अडखळतं. वर्गात तुम्ही असं बोलाल का, «ती पहिली महिला होती जी»? तुम्ही म्हणाल : «जर्मनीत भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक झालेल्या त्या पहिल्या महिला होत.» साधनाने दिलेलं वाक्य मोठ्याने वाचा, मग पडदा झाका आणि तीच गोष्ट विद्यार्थ्याला सांगतोय असं समजून लिहा. मी अजूनही प्रत्येक अनुवादित वाक्याला हेच करते.

आणि वर्ष घाला, १९२६.

- - -

रात्रपाळी

दुसऱ्या भाषेतल्या विकिपीडियावरून अनुवाद करायला पूर्ण मुभा आहे, परवाना तसाच आहे. पण मूळ लेखकांचं श्रेय द्यावं लागतं. बदल प्रकाशित करताना सारांशाच्या चौकटीत लिहा : इंग्रजी विकिपीडियावरील अमुक लेखावरून अनुवादित, आणि त्याचा दुवा. बाहेरच्या संकेतस्थळावरून किंवा पुस्तकातून मात्र वाक्य उचलायचं नाही, संदर्भ दिला तरीही. माहिती घ्यायची, शब्द आपले.

इंग्रजी लेखातले संदर्भही डोळे झाकून आणू नका. जो तुम्ही स्वतः उघडून बघितलात तोच द्या.

- - -

ओलीशाई

धागा सुरू करताना मला वाटलं होतं एक छानशी क्रमवारी मिळेल : आधी हे शिकवा, मग ते. तशी ती मिळाली नाही. तळटीप काका संदर्भापासून सुरू करतात, अर्धविराम पहिल्या वाक्यापासून, अनुस्वार सर्वनामापासून. पण प्रत्येकाने सरांच्या परिच्छेदातल्या एका ठरावीक वाक्यावर बोट ठेवलं आणि तिथे काय अडतंय ते सांगितलं. मी साच्यात जे दुवे देते त्यांतली सगळी तत्त्वं इथे येऊन गेली, आणि एकाही पानाचं नाव घ्यावं लागलं नाही.

मी पुढचे काही महिने असंच करून बघणार आहे. नव्या सदस्याच्या चर्चापानावर त्याच्याच लेखातलं एक वाक्य, तसं का बदललं त्याचं कारण, आणि एक दुवा. फक्त त्या कारणाशी संबंधित पानाचा. रात्रपाळी, तुम्हाला उलटवलेल्यांपैकी कुणी प्रामाणिक वाटलं तर मला नाव कळवाल का? सगळ्यांकडे लक्ष देणं मला जमणार नाही, पण आठवड्याला दोघांकडे नक्की देईन.

- - -

रात्रपाळी

कळवतो. दोन नावं आजच पाठवली आहेत, बघा.

- - -

जुनीवही

त्यातलं एक मला द्या. मी माझा परवलीचा शब्द शोधते आहे.

- - -

तळटीप

सर, आता लेखात टाका. धूळपाटीवर फार दिवस ठेवू नका. आधी «झलक पहा» दाबा, चौकटी कंस उघडा राहिला असेल तर तिथेच दिसेल. मग सारांश लिहा, मग प्रकाशित करा. लेखाखाली सही करायची नाही. चार लाटांसारख्या चिन्हांची सही फक्त चर्चापानावर. तुमचं नाव लेखाच्या बदलांच्या इतिहासात कायमचं नोंदलं जातं. आणि «हे पान पहा» ला खूण करा, म्हणजे नंतर कुणी बदल केला तर तुम्हाला कळेल. तो बदल पटला नाही तर पुन्हापुन्हा उलटवत बसू नका, लेखाच्या चर्चापानावर विचारा.

- - -

पहिलीओळ

टाकलं. प्राध्यापकपदाचं वाक्य अनुस्वार यांनी सांगितलं तसं बदललं, वर्ष घातलं, आणि जन्मतारखेची तळटीपही जमली.

अर्ध्या तासात कुणीतरी बदल केला! बघितलं तर «व्हिएन्ना विद्यापीठ» ला दुवा जोडलाय आणि खाली लेखाचा विषय सांगणारा वर्ग घातलाय. सारांशात लिहिलंय : «दुवा व वर्ग जोडले, छान भर.» ओळखीचं कुणी नाही.

आता त्या १०९ व्या मूलद्रव्यावर लिहायचं मनात आहे. शीर्षक माइटनेरियम ठेवू की मेइटनेरियम? आडनावाचा जर्मन उच्चार धरला तर माइटनेरियम. पण इंग्रजी अक्षरं बघून वाचणारे मेइटनेरियम म्हणतील.

- - -

अर्धविराम

माझं मत माइटनेरियमला, कारण व्यक्तीच्या लेखात आपण माइटनर लिहिलंय. दुसऱ्या रूपावरून पुनर्निर्देशन देऊ. पण आधी मूलद्रव्यांची यादी असलेल्या पानावर कुठलं रूप वापरलंय ते बघा आणि त्याच्या चर्चापानावर दोन ओळी टाका. मी येतेच तिथे.